मला वर सोडता, मग त्याला गेटवर का थांबवता?

नाशिकमधल्या गृहनिर्माण सोसायट्यांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीतल्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला नावाने ओळखत नाही, पण पाहिलेलं नक्की असेल. सकाळी साडेसहा-सातला स्कूटरवरून येते, डिकीत बर्फाची पेटी असते, गेटवरच्या वहीत 'कोणाकडे'च्या रकान्यात फ्लॅट नंबर आणि 'काम'च्या रकान्यात 'लॅब' एवढं लिहून वर जाते. एकोणीस वर्षं झाली, नाशिकमध्ये घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं काम करतेय. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, अडलंनडलं तर नाशिकरोडसुद्धा. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकते. पण डॉक्टर पेशंटला दवाखान्यात बघतात, मी त्याला त्याच्या पलंगावर बघते. पलंगाखाली काय आहे, खिडकीत काय आहे, बाथरूममधल्या बादलीला किती दिवसांचा बुळबुळीतपणा आलाय, हे मला दिसतं आणि डॉक्टरांना दिसत नाही. त्या जोरावर डेंग्यूबद्दल हे पत्र लिहितेय.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर मी आणि डासांच्या अळ्या शोधायला आलेला महापालिकेच्या मलेरिया विभागाचा एक मुलगा एकदमच पोहोचलो. त्याच्या खांद्याला पिशवी, हातात टॉर्च आणि पाणी उपसून बघायचा लांब दांड्याचा पळा. वॉचमनने मला बघून फाटक उघडलं, "या ताई, तिसरा मजला ना?" म्हणाला. त्याला मात्र म्हणाला, "सेक्रेटरी साहेबांनी सांगितलंय, घरी कोणी नसतं, नंतर या. आणि आमच्याकडे डास नाहीत." मी वर गेले. तिसऱ्या मजल्यावर नऊ वर्षांची एक मुलगी तापाने फणफणलेली, डोळ्यांमागे दुखतंय म्हणून डोळे घट्ट मिटून पडलेली. तिचं रक्त घेऊन वीसेक मिनिटांनी खाली आले, तर तो मुलगा रस्त्यापलीकडच्या सोसायटीच्या गेटवर तेच उत्तर ऐकत उभा होता.

माझा प्रश्न एवढाच आहे. मी येते ती आजार घरात शिरल्यावर. तो येतो ते आजार शिरायच्या आधी. मला तुम्ही पैसे देऊन बोलावता, तो फुकट येतो. तरी फाटक माझ्यासाठी उघडतं.

आता त्या तिसऱ्या मजल्याचंच सांगते. हॉलच्या खिडकीत मनी प्लांटची काचेची बाटली होती. छान हिरवीगार वेल, पाणी अगदी स्वच्छ. सकाळचं ऊन त्यातून आरपार येत होतं म्हणून मला दिसलं. पाण्याच्या वरच्या थराला बारीक दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी डोकं खाली करून लोंबत होतं. मी हात जवळ नेला, सावली पडली, आणि ते सगळे तुकडे वळवळत तळाला गेले. अर्ध्या मिनिटाने एकेक करत परत वर, श्वास घ्यायला. डासाची अळी शेपटीकडच्या नळीने श्वास घेते, म्हणून तिला वर यावंच लागतं. त्यांच्यात दोन-तीन स्वल्पविरामासारखे वाकडे ठिपकेही होते. ते कोष. कोष दिसला याचा अर्थ दोनेक दिवसांत त्यातून डास बाहेर पडणार. आजारी मुलीचा पलंग तिथून आठ-दहा फुटांवर. तिच्या आजीला मी बाटली दाखवली, तर आजी म्हणाल्या, "अगं, मी रोज त्यात पाणी घालते!" घालत होत्या खऱ्या. बाटली रिकामी करून आतून घासायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडे डास म्हटलं की सगळ्यांची बोटं नासर्डीकडे नाहीतर वाघाडीकडे. "नाला साफ करा, मग आमच्याकडे या," हे वाक्य मी प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर वाचलंय. (मी चार ग्रुपवर आहे, आपला फ्लॅट सोडला तर सगळे फ्लॅट अस्वच्छ, असं प्रत्येकाचं मत.) नाला साफ व्हायलाच हवा, त्यात वाद नाही. पण नाल्याच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणतो, झोप उडवतो, काही भागांत हत्तीरोगही पसरवतो. डेंग्यू मात्र पसरवत नाही. डेंग्यूचा डास एडिस इजिप्ती. काळा, पायांवर पांढरे पट्टे. त्याला नाला आवडत नाही. त्याला तुमचं-आमचं साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. तो दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी जास्त. आणि तो फार लांब उडत नाही; बहुतेक वेळा जन्मल्या जागेपासून शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य संपतं. म्हणजे तुमच्या बिल्डिंगमध्ये डेंग्यू झाला, तर तो डास बहुधा तुमच्याच बिल्डिंगचा किंवा शेजारच्या कंपाउंडचा. गोदावरी ओलांडून पंचवटीतून कोणी पाठवत नाही.

आपण नाशिककर पाऊस मोजतो तो गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं की सगळं गाव बघायला रामकुंडावर. गंमत अशी की या आजाराला पूर लागत नाही. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये साचणारं वाटीभर पाणी त्याला पुरतं.

तो ट्रे शेवटचा कधी काढला होता? हे मी तुम्हाला कमिटी म्हणून विचारत नाही, घरचा माणूस म्हणून विचारतेय. आणि कमिटी म्हणून विचारायचं तर यादी वेगळी होते. लिफ्टच्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी झिरपतं, ते सर्व्हिसवाला येईपर्यंत तसंच राहतं. टेरेसवरच्या टाकीचं झाकण तडकलंय, वर वीट ठेवून काम भागवलंय. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही. डक्टमध्ये चौथ्या मजल्यावरून पडलेली कुंडी, तुटलेला कमोड, थर्माकोलचे डबे, हे सगळं वर्षानुवर्षं, कारण डक्टचं दार छोटं आणि आत जायला कोणी तयार नाही. पार्किंगच्या कोपऱ्यात कोणाचे तरी जुने टायर, 'विकायचेत' म्हणून. क्लब हाउसवरची ताडपत्री, तिच्या खोलगट भागात तळं. पक्ष्यांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं. हेतू पुण्याचा, पण पाणी आठवडाभर तेच. या जागा मी कल्पनेने लिहिलेल्या नाहीत. लिफ्टची वाट बघत उभी असते तेव्हा दिसतात.

यात एक मेख आहे, ती लोकांना माहीत नसते. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. एका वेळी शंभराच्या आसपास. पाणी ओतून दिलं तरी अंडी भिंतीलाच. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी वर आलं की फुटतात. उन्हाळ्यात रिकामा पडलेला कूलर जूनमध्ये पहिल्या पावसाने भरला की डास कुठून आले असं वाटतं, ते तिथून आलेले असतात. म्हणून नुसतं ओतणं पुरत नाही, काथ्याने नाहीतर ब्रशने कडा खरवडून घासावी लागते. आणि अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत सात ते दहा दिवस लागतात, म्हणून सगळी भांडी रिकामी करून घासायचा 'कोरडा दिवस' आठवड्यातून एकदा. पंधरा दिवसांनी पाळला तर तो पाळला न पाळला सारखाच.

फॉगिंगबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, कारण तुमच्या तक्रारींपैकी निम्म्या त्याच्याच असतात. 'आमच्या गल्लीत धूर मारला नाही.' धूर मारला की काहीतरी झाल्यासारखं वाटतं, आवाज होतो, फोटो निघतो. त्या क्षणी उडत असलेले काही डास त्याने मरतात, हे खरं. पण गाडी आली की आपण करतो काय? "खिडक्या लावा रे, धूर येतोय!" एडिस तर त्या वेळी आत असतो, पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटातल्या काळ्या पॅन्टवर. अळ्यांना धुराने काही होत नाही. दोन दिवसांनी नवी पिढी तयार. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात तसं आहे हे, फक्त आपल्या गावात सोमेश्वर खरोखरच आहे म्हणून ही म्हण मला जरा जास्तच लागते. पेशंट सापडलेल्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत आतून फवारणी करायला माणूस आला, तर त्याला मात्र जरूर आत घ्या. ती वेगळी गोष्ट आणि उपयोगाची.

कारण काय होतं ते सांगते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीच्या रक्तात ताप आल्यापासून पहिले चार-पाच दिवस विषाणू फिरत असतो. त्या दिवसांत तिला चावलेल्या मादीच्या पोटात तो आठ ते बारा दिवस वाढतो, आणि मग ती मादी जगेल तोवर ज्याला चावेल त्याला देते. पुढे माणसात ताप यायला आणखी चार ते दहा दिवस. मी डायरी ठेवते, नावं नाही, फक्त फ्लॅट नंबर आणि तारखा. पहिल्या पेशंटनंतर दोन-तीन आठवड्यांनी त्याच लिफ्टने पाचव्या मजल्यावर किंवा त्याच विंगच्या तळमजल्यावर गेले नाही, असं फार कमी वेळा झालंय. म्हणून डेंग्यूच्या पेशंटला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा म्हणते, तेव्हा लोक हसतात. "ताई, त्याला तर डास चावून झाला." त्याच्यासाठी नाही हो, शेजाऱ्यांसाठी.

आता तपासणीचं. ही माझ्या हातातली गोष्ट आहे, म्हणून जरा रेंगाळते.

ताप आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचंच प्रथिन) तपासायचं, पाचव्या दिवसानंतर आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं). दुसऱ्याच दिवशी फक्त आयजीएम करून 'निगेटिव्ह आलं' म्हणून निवांत झालेली घरं मी पाहिलीत, आणि मग चार दिवसांनी त्याच घरी परत गेलेय. कार्डावर दहा-पंधरा मिनिटांत होणारी टेस्ट सोयीची आहे, पण शिक्कामोर्तब लॅबमधल्या एलायझा चाचणीनेच होतं. सरकारी यंत्रणेतली आयजीएमची किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून येतात.

आणि पेशी. नाशिकमध्ये ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत लोक एकमेकांना 'कसे आहात' विचारत नाहीत, 'पेशी किती' विचारतात. त्यातही 'पांढऱ्या पेशी कमी झाल्या' म्हणतात आणि मनात असतात प्लेटलेट. डेंग्यूत दोन्ही कमी होतात, पण त्या वेगळ्या. प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतल्यावर ती आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करावी लागते. घाईत कोणी केली नाही तर प्लेटलेटच्या गुठळ्या होतात, मशीन त्या मोजत नाही आणि रिपोर्टवर वीस हजार छापून येतात. अशा वेळी काचपट्टीवर थेंब पसरून माणसाने मायक्रोस्कोपखाली बघायचं असतं. तेवढ्या एका चुकीच्या आकड्यावर रात्री अकराला रक्तपेढीच्या दारात डोनर शोधत उभे असलेले मुलगे मला माहीत आहेत. कुठे रक्तस्राव होत नसेल, तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवायची गरज नसते असं आपल्या देशाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध यांवर मी बोलणार नाही. आधीच उलट्यांनी बेजार पोराला तो कडू रस जबरदस्तीने पाजताना बघून एकदा मात्र न राहवून बोलले होते. पेशी आपल्याआपण चढतात. श्रेय पपई घेऊन जाते.

डेंग्यूत मरण बहुतेक वेळा पेशींनी येत नाही. हे मला माझ्या घरात कळलं.

माझा मुलगा दहावीत होता. शुक्रवारी ताप आला, शनिवारी मीच रक्त घेतलं, एनएस-१ पॉझिटिव्ह. फक्त पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, शहाळं, सगळं नियमाने. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, डिस्प्रिन असली गोळी घरात असूनही दिली नाही, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो हे मला माहीत होतं. मंगळवारी सकाळी ताप उतरला. अंग गार लागलं, मी देवाला दिवा लावला आणि रोजच्या फेरीला निघाले. जाताना सासूबाईंना म्हटलं, आता काळजी नाही. त्या दिवशी माझी सगळ्यात मोठी चूक झाली ती या वाक्याने. दुपारी दोनला फोन आला, पोटात दुखतंय म्हणतोय, तीनदा उलटी झाली, नीट बोलत नाहीये. घरी आले तर हातपाय थंडगार, घामेजलेले. दवाखान्यात रक्त काढलं. प्लेटलेट बासष्ट हजार. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बासष्ट म्हणजे ठीक आहे की." पण त्याच कागदावर खाली पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के तो आकडा, अठ्ठेचाळीस होता, शनिवारी एकोणचाळीस होता. एकोणीस वर्षं हा आकडा मी टाइप होताना बघतेय आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. रक्तातलं पाणी शिरांमधून बाहेर झिरपत होतं, म्हणून राहिलेलं रक्त दाट झालं होतं. ताप उतरल्यानंतरचे ते चोवीस ते अठ्ठेचाळीस तासच धोक्याचे असतात. डॉक्टरांनी मोजून मापून सलाइन लावलं, रात्रभर दर काही तासांनी पीसीव्ही बघितला. प्लेटलेटची एकही पिशवी लागली नाही. चौथ्या दिवशी पोरगं घरी आलं.

म्हणून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर काही लावायचंच असेल तर हे लावा: ताप उतरल्यावर पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, माणूस सुस्त पडला किंवा उगाच चिडचिडा झाला, लघवी कमी झाली, तर पेशींच्या रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि डेंग्यू एकदा झाला म्हणजे सुटलो असंही नाही. त्याचे चार प्रकार आहेत. एकदा एक होऊन गेल्यावर दुसऱ्यांदा वेगळा झाला तर तो जास्त जड जाण्याची शक्यता असते.

मुलगा घरी आल्यावर मी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेले. कोणाला बोलायला गेले होते, खोटं कशाला सांगू. एका निळ्या ड्रमवर प्लॅस्टिकचा कागद बांधलेला, कागद मधून खचलेला, त्यात पावसाचं पाणी, पाण्यात अळ्या. ड्रम आमचाच होता. उन्हाळ्यात शनिवारी पाणी बंद राहणार अशी बातमी आली की मी तो भरून ठेवायचे, आणि मग तो तसाच. माझ्यासारख्या बाईच्या घरी हे होतं, तर तुमच्याकडे का नाही होणार?

मलेरियाशी तुलना करतात लोक, म्हणून थोडं. मलेरियाला औषध आहे. काचपट्टीवर परजीवी दिसतो, व्हायव्हॅक्स प्रकारचा असेल तर क्लोरोक्विन आणि वर चौदा दिवस प्रायमाक्विन, आणि तो कोर्स अर्धवट सोडला तर ताप महिन्यांनी उलटतो. डेंग्यूला तसं नेमकं औषध नाही, अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नाही. भारतात बनलेल्या लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली, ती येईल तेव्हा येईल. आणि हाच डास चिकुनगुन्या देतो आणि झिकाही देतो. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची साथ होती, मग तीसेक वर्षं तो जणू गायब झाला आणि २००६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मालेगावला येऊन धडकला. झिकाचा राज्यातला पहिला पेशंट २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. डास तोच, पाणी तेच, फक्त विषाणू बदलतो.

लस नसताना काय करता येतं याचं उत्तर जुनं आहे. १९०१ साली क्यूबाच्या हवाना शहरात पीतज्वराने (यलो फिव्हरने) माणसं मरत होती. डास हाच, एडिस. विल्यम गॉर्गस नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरने घरोघरी माणसं पाठवली, पाण्याचे हौद झाकायला लावले, काहींवर रॉकेल ओतलं, अळ्या सापडलेल्या घरमालकांना दंड केला. काही महिन्यांत शहरातला पीतज्वर गेला. लोक तेव्हाही चिडलेच होते म्हणतात. पण दार उघडलं.

दार न उघडण्यामागे तुमचीही कारणं असतात, मी समजू शकते. मीटर बघायला आलोय सांगून चोऱ्या झाल्यात, म्हातारी माणसं घरी एकटी असतात. मग ओळखपत्र बघा, वहीत नंबर लिहून घ्या, फोटो काढा. कमिटीतला एक जण बरोबर फिरा. एका विंगला अर्धा तास लागतो. दुपारी अकराला कोणी घरी नसतं हेही खरं, म्हणून विभागीय कार्यालयाला पत्र द्या की आमच्याकडे रविवारी सकाळी पाठवा. जमणार नाही म्हणाले तर त्यांच्या दारात मी तुमच्याबरोबर येईन. त्यांचं सगळं बरोबर चाललंय असं मी म्हणत नाहीये. माणसं कमी, पगार वेळेवर नाहीत, एकाच मुलाच्या वाट्याला अख्खा प्रभाग, आणि सर्वेक्षणाच्या कागदावर न गेलेल्या घरांचीही सही हे मीही पाहिलंय. पण फाटकच बंद असेल तर चांगल्यातला चांगला माणूसही तेच करणार.

अजून एक, हे जरा टोचेल. तुमच्या सोसायटीच्या मागे वॉचमनची खोली आहे. कित्येक ठिकाणी तिला नळ नाही. त्याची बायको सकाळी पार्किंगच्या नळावरून बादल्या भरते आणि ड्रममध्ये साठवते, कारण आठ वाजता गाड्या धुणारा नळ अडवतो. मग पाहणीत अळ्या तिच्या ड्रममध्ये सापडतात आणि कमिटी तिला झापते. त्या खोलीला नळ द्यायला खर्च किती येतो? तुमच्या गणपतीच्या मंडपापेक्षा कमी. तीच गोष्ट शेजारी चाललेल्या बांधकामाची. स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर छोटे बांध घालून पाणी साठवतात ते एक-दोन आठवडे राहतं, म्हणजे डासाला लागतं तेवढंच नेमकं. लिफ्टसाठी सोडलेला खड्डा, मजुरांचे पाण्याचे पिंप. मजूर आजारी पडला तर तो घरी रक्त तपासायला मला बोलावत नाही, गावाला निघून जातो. त्याचा ताप कुठल्याच आकड्यात येत नाही, पण त्याला चावलेला डास मात्र तुमच्या कंपाउंडची भिंत ओलांडतो. बिल्डरला विचारणं तुमच्या हातात आहे. सध्या गावात बांधकामं किती वाढलीयत ते तुम्ही बघताच, सिंहस्थाची कामंही आहेत. आणि कुंभाची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन डेंग्यूच्या दिवसांत. बाहेरून लाखोंनी माणसं येतील, तुमच्या-आमच्या घरी पाहुणे उतरतील. घाट, तंबू, शौचालयं सरकार बघेल. तुमच्या गच्चीवरची टाकी सरकार बघणार नाही.

मागायचं ते मागून टाकते. मलेरिया विभागाचा माणूस आला की वॉचमनने त्याला वर सोडायचं, असा ठराव पुढच्या मीटिंगमध्ये लिहून घ्या आणि वहीत एक रकाना त्याच्यासाठी ठेवा. लिफ्टचा खड्डा, टाक्या, डक्ट आणि गच्ची यांची आठवड्यातून एकदा पाहणी, नाव ठरवून, कोणीतरी एकाने. टाकीच्या झाकणांचा आणि जाळ्यांचा खर्च मेंटेनन्समधून. सजावटीच्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. घराघरात फ्रिजचा ट्रे आणि मनी प्लांट मी बघणार नाही, ते ज्याचं त्याने.

आमच्या बिल्डिंगमध्ये हे दोन पावसाळे चाललंय. दर रविवारी सकाळी नऊला आम्ही चौघं-पाच जण गच्चीवर जातो. पहिल्या रविवारी सात ठिकाणी अळ्या मिळाल्या होत्या, त्यातली दोन सेक्रेटरींच्याच बाल्कनीत, त्यामुळे ते आता कधी चुकत नाहीत. मागच्या रविवारी एकाच ठिकाणी मिळाल्या, चिंटूच्या तुटक्या सायकलच्या टायरमध्ये. टायरला भोकं पाडून दिली.

तुमच्यापैकी कोणाला बघायला यायचं असेल तर या. टॉर्च माझ्याकडे आहे. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला शिडी लागते, ती तेवढी घेऊन या, आमची कोणीतरी नेली ती अजून परत आणून दिलेली नाही.

आपली,
सकाळी रक्त घ्यायला येणारी ताई